ऑस्बर्न रेनल्ड्स

कढत पेजेवर आपण फुंकर घालतो. तो हवेचा झोतच होय. वाहती हवा वा पाणी उष्णता कशी नेते, याचा शोध घेणारे ऑस्बर्न रेनल्ड्स १८४२ मध्ये बेलफास्ट येथे जन्मले. मँचेस्टर येथे प्राध्यापक असता, प्रवाहातील भोवरे उष्णता वाहून नेतात, असे त्यांनी १८७४ मध्ये मांडले. १८८३ मध्ये त्यांनी काचेच्या नळीतील वाहत्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडली. मंद प्रवाहात ती सुतासारखी सरळ राहिली. वेग वाढताच विस्कटली. वेग, व्यास, घनता व चिकटपणा यांच्या प्रमाणात त्यांस याचे गमक सापडले. प्रकृती ढासळल्याने १९०५ मध्ये निवृत्त झालेले रेनल्ड्स १९१२ मध्ये निवर्तले. तप्त यंत्रावर थंड झोत सोडणारे अभियंते आजही रेनल्ड्स-अंकाचाच आधार घेतात. साध्या नळीकडे लक्षपूर्वक पाहण्याची ही दृष्टी आपण त्यांच्यापासून घ्यावी, असे आम्हांस वाटते.