विशेष : नवऱ्यावरचा राग, पाच वर्षांचा दुरावा आणि क्षमा, लक्ष्मीबाई टिळकांनी कटुतेवर मात कशी केली?

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर : ज्याने आपल्याला दुखावले, त्याच माणसासोबत पुन्हा संसार करता येतो का? मनातली कटुता खरेच जाते का? या प्रश्नांचे उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका मराठी बाईच्या आयुष्यात सापडते. पुंडलिकनगरहून पुणे मार्गाला लागले की अडीच-तीन तासांत अहिल्यानगर येते. तिथे आणि जवळच्या राहुरीत ‘स्मृतिचित्रे’कार लक्ष्मीबाई टिळकांच्या आयुष्याला मोठे वळण मिळाले.

कोण होत्या लक्ष्मीबाई?

जन्म १८६८, नाशिकजवळचे जलालपूर. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. वडिलांचे सोवळे इतके कडक की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. बाराव्या वर्षाच्या आसपास त्यांचे लग्न कवी नारायण वामन टिळकांशी झाले. शाळा त्यांना मिळालीच नाही. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर.

टिळक बुद्धिमान, मनाने उदार, पण स्वभावाने तापट. नोकरी एका जागी टिकत नसे. न सांगता घराबाहेर पडायचे, हाती आलेला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळे व्हायचे. घरात उद्या काय शिजवायचे, याची काळजी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला यायची.

कटुता कशातून आली?

१८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने टिळकांना बायबलचा नवा करार वाचायला दिला. वाचता वाचता त्यांचे मन येशूकडे ओढले गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्यासोबत नव्हत्या. वय २६, पदरात लहानगा दत्तू.

त्या काळी धर्मांतर म्हणजे जातीतून कायमचे बाहेर जाणे. नवरा जिवंत, पण त्याच्या घरी जाण्याची सोय नाही. सवाष्ण म्हणून मिरवता येईना आणि विधवाही म्हणवेना, अशी त्यांची अवस्था झाली. नातेवाइकांच्या आधाराने पंढरपूरसारख्या ठिकाणी दिवस काढावे लागले. लोकांची बोलणी ऐकावी लागली. एवढा मोठा निर्णय आपल्याला विश्वासात न घेता झाला, ही सल सर्वांत खोल होती. हा दुरावा जवळपास पाच वर्षे टिकला. मनातले दुःख त्या काळात त्यांच्या कवितेत उतरू लागले.

वळण कुठे आले?

ते एका दिवसात आले नाही. पत्रव्यवहार, भेटीगाठी आणि बऱ्याच विचारानंतर लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नगरला आल्या, पण धर्म बदलायला नव्हे. सोवळे-ओवळे आणि स्वतःचा स्वयंपाक त्यांनी वेगळा ठेवला. टिळकांनीही त्यांच्यावर सक्ती केली नाही. एकदा न विचारता निर्णय घेणारा नवरा आता वाट पाहायला शिकला होता. तुटलेला विश्वास सांधायला याची मोठी मदत झाली.

मग लक्ष्मीबाईंच्या मनातली एक गाठ सुटली. माणूस देवाने घडवला, पण उच्च-नीच माणसाने ठरवले, हे त्यांना उमगले. लहानपणापासून अंगात भिनलेला विटाळ त्यांनी सोडला आणि कोणाच्याही हातचे अन्न-पाणी घेऊ लागल्या. त्यानंतर ख्रिस्ताची शिकवण त्यांनी स्वतः पारखली आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यामागे फरफटत न जाता त्या स्वतःच्या पायांनी तिथवर पोहोचल्या.

श्रद्धा रोजच्या जगण्यात कशी उतरली?

तो छप्पनच्या दुष्काळाचा काळ होता. दुष्काळात अनाथ झालेल्या मुलींना टिळक दाम्पत्याने सांभाळले. प्लेगच्या साथीत लक्ष्मीबाईंनी रुग्णांची सेवा केली. नकुशी नावाच्या मुलीला त्यांनी पोटच्या लेकीसारखे वाढवले. कवी बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. ज्या घरात कधी सावलीचाही विटाळ व्हायचा, त्या घरातली लेक आता परक्यांच्या मुलांना जेवू घालत होती. दुसऱ्यांची दुःखे ओंजळीत घेतल्यावर स्वतःचे दुःख कुरवाळायला सवड उरली नाही.

माफ करणे म्हणजे विसरणे का?

लक्ष्मीबाईंच्या बाबतीत तरी नाही. टिळक ९ मे १९१९ रोजी गेले. पुढे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. पहिला भाग १९३४ मध्ये आला. त्यात टिळकांचा संताप, विक्षिप्तपणा, पैशांची उधळपट्टी, सगळे मोकळेपणाने आले आहे. काहीच झाकलेले नाही, पण सूड उगवण्याचा सूरही नाही. जिथे रडू यावे तिथे त्या वाचकाला हसवतात आणि स्वतःच्या चुकाही तितक्याच सहज सांगतात. सत्य सांगायचे, पण त्यातला डंख काढून, अशी त्यांची क्षमा होती.

टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. जे पुस्तक कधीकाळी संसार मोडायला कारण ठरले, त्यातल्याच कथेवरचे हे काव्य. ते पुढे नेण्याचे काम कधी शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी हाती घेतले आणि त्याचे बहुतेक अध्याय लिहिले.

आजच्या वाचकासाठी काय?

घराघरांत अबोले असतात. त्यातले काही वर्षानुवर्षे चालतात. समोरच्याची चूक नाकारून लक्ष्मीबाईंचा राग गेला नाही. त्यांनी वेळ घेतला, स्वतःच्या अटी ठेवल्या, समोरच्याने बदलावे याची वाट पाहिली आणि स्वतःही बदलल्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. ‘स्मृतिचित्रे’ मात्र आजही मराठीतल्या श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणली जातात.