हत्ती, प्यादी आणि मिखाईल बोटविन्निक

वजीर गेले, घोडे-उंट संपले, पटावर दोन राजे, एकेक हत्ती आणि चार-दोन प्यादी उरली, की आपल्या मंडळाच्या बुद्धिबळ स्पर्धेतले अर्धे प्रेक्षक चहाला उठतात. खरा जाणकार त्याच वेळी खुर्ची पुढे ओढतो. हत्तींचा शेवट मोठा फसवा असतो. एक प्यादे जास्त असूनही डाव बरोबरीत सुटतो, तर कधी सारखे बळ असूनही राजा एक घर मागे राहिल्यामुळे हातचा जातो. संगणकाला हा शेवट बरीच वर्षे जमत नव्हता. तो त्याला शिकवण्यासाठी ज्यांनी उतारवय खर्ची घातले, त्या मिखाईल बोटविन्निक यांची ही ओळख.

जन्म १७ ऑगस्ट १९११, पीटर्सबर्गजवळच्या कुओक्काला गावी. घरात दातांच्या वैद्यकीचा व्यवसाय. बुद्धिबळाची ओळख झाली ती बाराव्या वर्षी, म्हणजे आजच्या मानाने उशिराच. पण दोनच वर्षांत, १९२५ मध्ये, तेव्हाचे जगज्जेते कापाब्लांका एकाच वेळी अनेकांशी खेळत असताना या पोराने त्यांना हरवले. १९३१ मध्ये ते सोव्हिएत विजेते झाले आणि १९४८ मध्ये जगज्जेते. पुढे स्मिस्लोव्ह आणि ताल यांनी किताब हिसकावला, दोन्ही वेळा वर्षभरात यांनी तो परत मिळवला. १९६३ मध्ये पेत्रोस्यान यांच्याकडून हरले ते मात्र कायमचे.

हे सारे नोकरी सांभाळून. बोटविन्निक पेशाने विद्युत अभियंते. युद्धकाळात उरलमधल्या पेर्म शहरात ते विजेच्या कामावर होते. सरावाला वेळ मिळेना, तेव्हा थेट सरकारदरबारी खटपट करून त्यांनी आठवड्यातले तीन दिवस मोकळे करून घेतले. रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर किती दिवस पडून राहतो हे जाणणाऱ्या माझ्यासारख्याला किताबांपेक्षा याचेच अप्रूप अधिक! १९५१ मध्ये, जगज्जेतेपद अंगावर असताना, त्यांनी विद्युतशास्त्रात डॉक्टरेट मिळवली.

त्यांचा हत्तींच्या शेवटाचा सर्वांत गाजलेला डाव १९६२ चा, बल्गेरियातील वार्ना ऑलिम्पियाडमधला. समोर एकोणीस वर्षांचा बॉबी फिशर. फिशरने चतुराईने एक प्यादे मिळवले आणि डाव हत्तींच्या शेवटावर तहकूब झाला. फिशर जिंकणार यात कोणाला फारशी शंका नव्हती. सोव्हिएत चमू मात्र रात्रभर पटावर बसला. गेलर यांना एक अनपेक्षित कल्पना सुचली, आणि दुसऱ्या दिवशी बोटविन्निकनी डाव बरोबरीत सोडवला. फिशरने पुढे आपल्या पुस्तकात लिहिले की, आपल्याला जिंकता आले असते. बोटविन्निकनी ते विधान तसेच सोडले नाही. त्यांनी ती स्थिती आपल्या बुद्धिबळ शाळेतल्या मुलांना गृहपाठ म्हणून दिली, आणि तेरा वर्षांच्या एका मुलाने फिशरच्या विश्लेषणातली फट शोधून काढली. तो मुलगा गॅरी कास्पारोव्ह.

१९७० मध्ये स्पर्धा सोडून त्यांनी दोन कामे हाती धरली, ही शाळा आणि संगणक. त्या काळचे संगणक एकच हिशेब जाणत. शक्य तेवढ्या चाली मोजायच्या आणि शेवटी कोणाकडे मोहरे जास्त ते पाहायचे. मध्यखेळातल्या मारामारीत हे चाले. हत्तींच्या शेवटात निकाल पंधरा-वीस चाली पुढे दडलेला असतो, तिथवर यंत्राची नजर पोचत नसे. हाती लागलेले एखादे प्यादे ते नफा म्हणून जमेस धरी, मग त्यापायी हत्ती कोपऱ्यात अडकून पडला तरी त्याला त्याचे काही नसे. कसलेला माणूस इतक्या चाली मोजतच नाही. राजा कुठे न्यायचा, कोणते प्यादे पुढे सरकवायचे, हे तो आधी ठरवतो आणि त्यापुरत्याच चाली पाहतो. यंत्रालाही आधी हेतू आणि मग चाली असेच शिकवायचे, या विचाराने बोटविन्निकनी ‘पायोनियर’ हा प्रोग्राम रचायला घेतला.

१९७७ मध्ये टोरांटोला संगणकांची जागतिक स्पर्धा भरली. बोटविन्निक तिथे पाहुणे होते. रशियन ‘काइसा’ने अमेरिकी ‘डचेस’विरुद्ध ३४ व्या चालीला आपला हत्ती चक्क फुकट देऊन टाकला. प्रोग्राम बिघडला, असेच साऱ्यांना वाटले, बोटविन्निकनाही. डाव संपल्यावर यंत्राला विचारून पाहिले तेव्हा उलगडा झाला. राजा हलवला असता तर डचेस वजिराचा बळी देऊन मात करणार होती. माजी जगज्जेत्याच्या नजरेतून सुटलेली मात यंत्राने नुसत्या मोजणीने पकडली होती.

तरीही त्यांनी मार्ग बदलला नाही. पायोनियरने नादरेइश्विली यांचे एक अवघड कूट अवघ्या काही शे स्थिती तपासून सोडवले, याचे त्यांना फार कौतुक होते. पण अख्खा डाव स्पर्धेत खेळताना पायोनियर जगाला दिसला नाही. इतरांची यंत्रे दरवर्षी वेगवान होत गेली. अमेरिकेत केन थॉम्पसन यांनी मातेपासून उलटे मोजत, थोडेच मोहरे उरलेल्या शेवटांची उत्तरे आधीच साठवून ठेवण्याची युक्ती वापरली. हत्ती-प्यादे विरुद्ध हत्ती हा शेवट असा तोंडपाठ झाल्यावर यंत्राला तिथे हेतूची गरजच उरली नाही. माझ्या मते इथे बोटविन्निक हट्टी ठरले. पण माणूस कसा विचार करतो हे यंत्राला उलगडून सांगण्यासाठी इतका कसून झटलेला दुसरा जगज्जेता मला माहीत नाही.

अखेरच्या वर्षांत दृष्टी जवळजवळ गेली, तरी काम चालूच होते. ५ मे १९९५ रोजी मॉस्कोत त्यांचे निधन झाले.

दोन वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये कास्पारोव्ह ‘डीप ब्लू’समोर बसला. ते यंत्र सेकंदाला वीस कोटी स्थिती तपासत होते. चौथा डाव हत्तींच्या शेवटावर आला. कास्पारोव्हने पुष्कळ जोर लावला, पण यंत्राने डाव धरून ठेवला आणि ५६ व्या चालीला बरोबरी झाली. सहावा डाव हरून कास्पारोव्हने सामना साडेतीन विरुद्ध अडीच असा गमावला.