एका चिमणीचा सवाल आणि डॉ. सलीम अली

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. त्यातली १२ तारीख डॉ. सलीम अली यांच्या जन्मदिनाची. शाळेत आम्ही त्यांचं नाव शिकवतो, मुलं ‘पक्षीतज्ज्ञ’ असं लिहून मोकळी होतात. पण त्यांची खरी गोष्ट एका मुस्लिम घरातल्या साध्या सवालापासून सुरू होते.

१८९६ साली मुंबईत सुलेमानी बोहरा कुटुंबात ते जन्मले. भावंडांत सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वालिद गेले, तीन वर्षांचे असताना वालिदाही. या यतीम मुलाला खेतवाडीत मामू अमीरुद्दीन तय्यबजी आणि मुमानी हमीदा बेगम यांनी पोटच्या लेकरासारखं वाढवलं.

छर्‍याच्या बंदुकीने चिमण्या टिपायच्या आणि हलाल करून खायच्या, हा त्या वयातला नाद. एकदा हातातल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही नेहमीची चिमणी नव्हे, मग खायला चालेल का? मुलाने मामूंना विचारलं. मामूंनाही सांगता येईना. पण त्यांनी दटावून गप्प केलं नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे पाठवलं. त्यांनी पक्षी तर ओळखलाच, शिवाय जतन करून ठेवलेले कितीतरी पक्षी दाखवले. तिथेच त्या मुलाला पक्ष्यांचं वेड लागलं.

पुढची वाट सोपी नव्हती. मॅट्रिक कसंबसं पास झाले. कॉलेज सोडून ब्रह्मदेशात घरच्या धंद्यावर गेले, तिथेही जम बसला नाही. विद्यापीठाची पदवी हातात नव्हती. मुंबईच्या म्युझियममध्ये गाईडची नोकरी मिळाली. मग बर्लिनला जाऊन एर्विन स्ट्रेसेमान यांच्याकडे पक्षीशास्त्र शिकले. १९३० मध्ये परत आले, तर पैशाअभावी ती नोकरीच बंद झालेली!

मग बेगम तहमीना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. घराजवळ सुगरणींची घरटी होती. बेकारीच्या त्या दिवसांत ते तासन् तास ती बघत बसले, रोज टिपून ठेवत गेले. आपण म्हणतो सुगरण, पण घर विणतो नर. घरटं अर्धं झालं की मादी येऊन पारखते. पसंत पडलं तर राहते, मग नर ते पुरं करतो आणि दुसरं विणायला घेतो. या निरीक्षणाने त्यांचं नाव झालं.

१९३९ मध्ये तहमीना बेगम अल्लाहला प्यार्‍या झाल्या. हा घाव सोसूनही काम थांबलं नाही. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं प्रसिद्ध पुस्तक आलं, पुढे डिलन रिप्ले यांच्यासोबत १० खंडांचा ग्रंथ. भरतपूरचं पाणथळ रान वाचवायला ते झटले. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण आणि १९८५ मध्ये राज्यसभा. २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदीत, त्यांचं निधन झालं.

आज आपल्या मुलांच्या हातात बंदूक नाही, मोबाईल आहे. अंगणातला बुलबुल, तळ्यावरचा खंड्या त्यांनी लांबूनच टिपावा, घरट्याला हात न लावता. आणि ‘हा कोणता पक्षी?’ असं मुलाने विचारलं, तर ‘आधी अभ्यास कर’ म्हणण्याआधी आपण त्या मामूंना आठवूया. उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं, पण त्यांनी मुलाला उत्तराच्या दारापर्यंत पोहोचवलं.