नामदेवांचे सांगाती

दरवर्षी माघी पौर्णिमेच्या सुमारास आपल्या गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात कचारगडची यात्रा भरते. दूरदूरच्या प्रांतांतून आलेले गोंड बांधव डोंगर चढून गुहेकडे जातात. वृद्धाचे गाठोडे अनोळखी तरुणाच्या खांद्यावर येते, एकाची शिदोरी चौघांत वाटली जाते, आणि सकाळी परके असलेले लोक सायंकाळी आप्त होतात. पायी चालणाऱ्यांत असे सख्य का जडते, याचा विचार करू लागलो म्हणजे आम्हांस संत नामदेवांचे चरित्र आठवते. ते जातीने शिंपी होते. आणि त्यांचे आयुष्यही प्रवास व मैत्री या दोन धाग्यांनीच शिवलेले आहे.

नामदेवांचा जन्म इ. स. १२७० मध्ये दामाशेटी व गोणाई या दांपत्याच्या पोटी झाला. पंढरपुरी विठ्ठलाच्या सान्निध्यात ते वाढले. देव आपलाच आहे, या लडिवाळ भावनेत थोडा अभिमानही मिसळला होता. तेरचे गोरोबा कुंभार यांनी एकदा जमलेल्या संतांची परीक्षा घेतल्याची कथा प्रसिद्ध आहे. थापटण्याने प्रत्येकाच्या मस्तकावर टिचकी मारीत ते पुढे सरकले. इतरांनी ते निमूटपणे सोसले. नामदेवांस मात्र राग आला, आणि गोरोबांनी हे मडके अद्याप कच्चे असल्याचा निर्वाळा दिला. हा बोल नामदेवांच्या जिव्हारी लागला. परंतु रुसून न बसता त्यांनी औंढ्या नागनाथास जाऊन विसोबा खेचरांस गुरू केले. मित्रांनी दाखविलेला दोष पत्करणे, ही मैत्रीची पहिली पायरी होय.

ज्ञानेश्वर त्यांच्याहून सुमारे पाच वर्षांनी लहान. एक विद्वान योगी, दुसरे भोळे भक्त. ज्ञानेश्वरांनी तीर्थयात्रेस सोबत मागितली, तेव्हा पंढरी सोडताना नामदेवांचे पाऊल जड झाले. तरी ते निघाले. या प्रवासाचे वर्णन ‘तीर्थावळी’च्या अभंगांत आहे. वाटेत मरुभूमीत दोघे तहानेने व्याकूळ झाले असता एक खोल विहीर दिसली. ज्ञानेश्वर योगबलाने आत उतरून पाणी प्याले, आणि सोबत्यासाठीही आणण्यास सिद्ध झाले. नामदेवांनी मात्र विठ्ठलाचा धावा केला, आणि विहीर काठोकाठ भरून वाहू लागली, असे कथा सांगते. चमत्काराचा भाग बाजूस ठेवला तरी तिचे मर्म उरते. दोघांच्या रीती भिन्न होत्या. पण तहान एक होती, आणि वाटही एकच होती. पुढे इ. स. १२९६ मध्ये आळंदीस ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. त्या वियोगाचे दुःख नामदेवांनी आपल्या अभंगांत साठवून ठेविले आहे.

त्यानंतरही नामदेवांचे चालणे थांबले नाही. ते थेट पंजाबात पोहोचले, घुमान येथे राहिले, आणि तेथील लोकांच्या भाषेत पदे रचू लागले. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदे आहेत. जेथे कोणी ओळखीचे नव्हते, तेथे त्यांस लोकांनी आपले मानिले.

परंतु या थोर पांथस्थाची सर्वांत मोठी वाटचाल आम्हांस निराळीच वाटते. ती अवघी आठ कोसांची होती. चोखामेळा हे त्यांचे स्नेही. जातीने महार, म्हणून त्यांस पंढरीच्या देवळात प्रवेश नव्हता. इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता ते कोसळले, आणि त्याखाली इतर मजुरांसह चोखोबा गाडले गेले. नामदेव तेथे गेले. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या त्यांनी वेचल्या, अशी कथा आहे. त्या पंढरपुरी आणून त्यांनी महाद्वारासमोर चोखोबांची समाधी बांधविली. त्या वेळी नामदेवांचे वय ६८ वर्षांचे होते.

मित्रास ते उंबरठ्यापर्यंत आणू शकले. आत नेऊ शकले नाहीत. तो दरवाजा उघडण्यास आणखी सहा शतके लागली. साने गुरुजींनी प्राण पणास लावून उपोषण केले, तेव्हा इ. स. १९४७ मध्ये ते मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुले झाले. इ. स. १३५० मध्ये नामदेवांनी देह ठेविला. भक्तांच्या पायांची धूळ मस्तकी पडावी म्हणून त्यांनी महाद्वाराच्या पायरीची जागा निवडली, असे परंपरा मानते. आजही ‘नामदेव पायरी’ व चोखोबांची समाधी समोरासमोर आहेत. जो आत जाऊ शकत होता, तोही अखेर दारातच मित्राजवळ राहिला!

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कित्येक जण रोज धानाच्या बांधांवरून मैलोगणती चालत शाळेस येतात. वाटेवर तुम्ही सोबतीने हसता, बोलता; पण शाळेच्या फाटकातून आत शिरताच, डबा उघडताना, पाण्याचा पेला उचलताना, तीच सोबत टिकते काय? आपल्या मेळ्यातील कोणी मागे राहिला असेल, कोणी बाहेर उभा असेल, तर त्याच्यासाठी चार पावले परत फिरणे, हेच नामदेवांचे खरे स्मरण होय, असे आम्हांस वाटते.