बेनेडिक्ट आर्नोल्ड

बेनेडिक्ट आर्नोल्ड (१४ जानेवारी, इ.स. १७४१, नॉर्विच, कनेटिकट – १४ जून, इ.स. १८०१, लंडन) हा अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील सेनानी होता. युद्धाच्या पहिल्या पर्वात तो वसाहतींच्या सैन्याचा अत्यंत धडाडीचा सेनापती होता; इ.स. १७८० मध्ये वेस्ट पॉइंटचा किल्ला ब्रिटिशांच्या हवाली करण्याचा त्याचा कट उघडकीस आला आणि तो शत्रूला जाऊन मिळाला. अमेरिकेत त्याचे नाव फितुरीचा प्रतिशब्द ठरले आहे. त्याने गाजवलेल्या साराटोगाच्या रणभूमीवरील स्मारकातही ते कोरलेले नाही.

== पूर्वायुष्य ==
वडिलांचा व्यापार मद्यपानापायी बुडाल्यामुळे आर्नोल्डचे शिक्षण अर्धवट राहिले. आईच्या नातलगांच्या औषधांच्या दुकानात उमेदवारी करून पुढे त्याने न्यू हेवन येथे औषधे व पुस्तकांचे स्वतःचे दुकान काढले आणि जहाजे घेऊन वेस्ट इंडीज व कॅनडाशी व्यापार आरंभला. एप्रिल १७७५ मध्ये लेक्झिंग्टनच्या चकमकीची वार्ता येताच त्याने नगरप्रमुखांकडून दारूकोठाराच्या किल्ल्या मागून घेतल्या व आपली तुकडी बोस्टनकडे नेली.

== लष्करी कारकीर्द ==
१० मे १७७५ रोजी ईथन ॲलनसमवेत त्याने टायकाँडेरोगाचा किल्ला घेतला. त्याच वर्षी सुमारे १,१०० सैनिकांसह मेनच्या अरण्यातून तो क्वेबेकवर चालून गेला. उपासमार आणि माघारी फिरलेल्या तुकड्या यांमुळे सुमारे ६०० जणच तेथवर पोहोचले. ३१ डिसेंबरचा हल्ला फसला आणि आर्नोल्डच्या डाव्या पायाला गोळी लागली. ऑक्टोबर १७७६ मध्ये शँप्लेन सरोवरात व्हॅल्कूर बेटाजवळ त्याचे घाईने बांधलेले आरमार बुडाले, मात्र या अडथळ्यामुळे ब्रिटिशांची दक्षिणेकडील स्वारी वर्षभर लांबली. तरीही फेब्रुवारी १७७७ मध्ये काँग्रेसने त्याला डावलून पाच कनिष्ठ अधिकाऱ्यांना मेजर जनरल केले. मे महिन्यात तो हुद्दा त्याला मिळाला. ज्येष्ठता मिळाली नाही.

साराटोगाच्या मोहिमेत सेनापती होरेशियो गेट्सशी त्याचे बिनसले आणि त्याच्याकडील तुकड्यांचे नेतृत्व काढून घेण्यात आले. ७ ऑक्टोबर १७७७ रोजी तो आज्ञेविनाच घोड्यावरून लढाईत घुसला व ब्रेमन मोर्चावरील हल्ल्याच्या अग्रभागी राहिला. मोर्चा पडला, पण त्याचा तोच डावा पाय पुन्हा निकामी झाला. दहा दिवसांनी जनरल बर्गॉइन शरण आला. या विजयानंतर फ्रान्सने फेब्रुवारी १७७८ मध्ये अमेरिकेशी उघड मैत्रीकरार केला.

== फितुरी ==
जून १७७८ मध्ये आर्नोल्ड फिलाडेल्फियाचा लष्करी प्रशासक झाला. तेथील त्याची खर्चिक राहणी व संशयास्पद व्यवहार यांवरून आरोप झाले आणि लष्करी न्यायालयाने दोन किरकोळ बाबींत त्याला दोषी ठरवले. एप्रिल १७८० मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनने दिलेल्या लेखी ठपक्याने तो बिथरला, असे अनेकदा सांगितले जाते. परंतु मेजर जॉन आंद्रेमार्फत ब्रिटिशांशी त्याचा गुप्त पत्रव्यवहार मे १७७९ मध्येच, म्हणजे पेगी शिपेनशी झालेल्या विवाहानंतर महिनाभरातच, सुरू झाला होता. अपमानाइतकाच कर्जाचा भारही त्यामागे होता. वेस्ट पॉइंटसाठी त्याने २०,००० पौंड मागितले. २३ सप्टेंबर १७८० रोजी आंद्रे टॅरीटाउनजवळ कागदपत्रांसह पकडला गेला. आर्नोल्ड निसटला, आंद्रेला २ ऑक्टोबरला फाशी झाली.

ब्रिटिशांचा ब्रिगेडियर जनरल म्हणून आर्नोल्डने जानेवारी १७८१ मध्ये रिचमंडवर छापा घातला. ६ सप्टेंबर १७८१ रोजी, ज्या टेम्स नदीकाठी तो जन्मला तिच्याच मुखाशी असलेले न्यू लंडन त्याच्या सैन्याने जाळले. पैलतीरी ग्रोटन येथील ग्रिसवोल्ड किल्ल्यात ८० हून अधिक रक्षक ठार झाले, त्यांपैकी अनेक जण शरणागतीनंतर. पुढे न्यू ब्रन्सविकमधील काही वर्षे वगळता तो लंडनमध्ये राहिला. बॅटरसी येथील सेंट मेरी चर्चमध्ये त्याचे दफन झाले.

== स्मारके ==
ब्रेमन मोर्चाजवळ जॉन वॉट्स डी पायस्टरने इ.स. १८८७ मध्ये उभारलेल्या शिळेवर तोफेची नळी आणि एक सैनिकी बूट कोरला आहे. मागील लेखात येथे जखमी झालेल्या तेजस्वी सैनिकाचा गौरव आहे, नाव मात्र नाही. या लढाईने त्याला मेजर जनरलचा हुद्दा मिळवून दिला, हे त्यातील विधान चुकीचे आहे. तो हुद्दा त्याला पाच महिने आधीच मिळाला होता. लढाईनंतर मिळाली ती ज्येष्ठता. जवळच्याच साराटोगा स्मारकाच्या चार कोनाड्यांपैकी तीन कोनाड्यांत गेट्स, स्कायलर व मॉर्गन यांचे पुतळे आहेत. चौथा हेतुपुरस्सर रिकामा ठेवलेला आहे. वेस्ट पॉइंटच्या जुन्या चॅपेलमधील त्याच्या फलकावर हुद्दा आहे, जन्मवर्ष आहे, नावाची जागा कोरी आहे. लंडनमधील त्याच्या ग्लॉस्टर प्लेस येथील घरावरचा फलक मात्र त्याला अमेरिकन देशभक्त म्हणतो.

ग्रोटनच्या टेकडीवर इ.स. १८३० मध्ये उभारलेल्या स्तंभावर त्याचे नाव पूर्ण आहे. तेथे त्यामागे फितूर हे विशेषण लावलेले असून किल्ल्यात पडलेल्यांची नावेही त्याच स्मारकात कोरलेली आहेत.