करडाच्या वाट्याचे दूध

वैनगंगेच्या खोऱ्यातील बालाघाट जिल्हा आज मध्य प्रदेशात मोडतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी मात्र बालाघाट आणि वर्धा ही दोन्ही एकाच प्रांताची अंगे होती आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. भातशेती, तळी आणि जंगल यांच्या आधाराने जगणाऱ्या या मुलखात गरीब घराची पुंजी परसातच असते. दोन-तीन शेळ्या, चार कोंबड्या आणि जवळ तळे असेल तर काही बदके. शेळीला गायरान लागत नाही, ती झाडपाल्यावर जगते. सुमारे पाच महिन्यांत विते आणि बहुधा जुळी करडे देते. गरिबाची गाय हे नाव तिला त्यामुळेच लाभले. याच प्रांतातील शेगाव या खेड्यात १९३६ साली मोहनदास करमचंद गांधी राहावयास आले, तेव्हा या साध्या जनावराशी त्यांचे नाते सतरा वर्षांचे झाले होते. ते नाते सुखाचे नव्हते. त्याच्या मुळाशी एक मोडलेले व्रत होते.

२ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे जन्मलेल्या गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत वकिली करता करता स्वतःच्या आहारावर अनेक प्रयोग केले. दूध हे मनुष्याचे बाल्यानंतरचे अन्न नव्हे, असे त्यांचे मत होत गेले. गायी-म्हशींचे दूध शेवटच्या थेंबापर्यंत काढण्यासाठी गवळी त्यांचे कसे हाल करतात, याची वर्णने कलकत्त्याहून आलेल्या साहित्यात त्यांच्या वाचनात आली. अखेर १९१२ साली जोहान्सबर्गजवळच्या टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनी आणि त्यांचे मित्र हर्मन कॅलनबाख यांनी दूध वर्ज्य केले. फळे आणि भुईमुगाचे दाणे यांवर त्यांचा निर्वाह चालू लागला.

या व्रताची खरी कसोटी १९१८ मध्ये लागली. खेड्याचा सत्याग्रह आटोपून महायुद्धासाठी सैन्यभरती करीत गावोगाव पायी हिंडत असताना त्यांना आमांशाने गाठले. प्रकृती इतकी ढासळली की मृत्यू समोर दिसू लागला. वैद्य, डॉक्टर आणि स्नेही यांनी दुधाचा आग्रह धरला, पण गांधीजी बधले नाहीत. हवापालटासाठी त्यांना माथेरानला नेण्यात आले, परंतु तेथील पाणी मानवले नाही आणि ते मुंबईस परतले. जानेवारी १९१९ मध्ये डॉ. दलाल यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. दुधाखेरीज शरीर पुन्हा उभे राहणार नाही, असे डॉक्टरांनी निक्षून सांगितले. तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या कस्तुरबांनी मार्ग सुचविला. व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती, मग शेळीच्या दुधाला हरकत कोणती?

गांधीजींनी तो सल्ला मानला. त्याच सुमारास रौलट विधेयके प्रसिद्ध झाली होती आणि त्यांच्याविरुद्ध लढा उभारण्यासाठी जगण्याची इच्छा प्रबळ झाली होती. शेळीच्या दुधातील स्निग्धाचे कण लहान असल्यामुळे ते पचनास हलके असते. त्यांच्या क्षीण देहाला ते मानवले. मन मात्र शांत झाले नाही. व्रताचे शब्द पाळले गेले, पण त्याचा आत्मा गेला, ही जाणीव त्यांना टोचत राहिली. १९२५ पासून नवजीवन साप्ताहिकात क्रमशः आलेल्या आत्मकथेत त्यांनी ही दुर्बलता कोणताही आडपडदा न ठेवता मांडली. दुधाची जागा घेईल असा वनस्पतिजन्य पदार्थ कोणाला ठाऊक असल्यास तो कळवावा, असे आवाहनही त्यांनी केले. १९२९ मध्ये न शिजविलेल्या अन्नाचा प्रयोग त्यांनी स्वतःवर करून पाहिला. तो फसला, पोट बिघडले आणि पुन्हा शेळीच्या दुधाकडे वळावे लागले.

१९३१ च्या गोलमेज परिषदेसाठी ते लंडनला गेले, तेव्हा त्यांच्या आहारातील शेळीच्या दुधाचे वृत्तपत्रांना मोठे अप्रूप वाटले. व्यंगचित्रकारांनी गांधीजींच्या शेजारी शेळी रेखाटली. जगाला जे विनोदाचे साधन वाटले, ते त्यांच्या लेखी रोजचे प्रायश्चित्त होते.

१९३४ च्या अखेरीस वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे मंत्री झाले. तेलघाणी आणि हातसडीचा तांदूळ यांच्याबरोबर मधमाशीपालनही संघाने हाती घेतले. पोळे पिळून माश्यांचा नाश करण्याची जुनी रीत सोडून पेटीत माश्या पाळाव्यात आणि त्यांना अपाय न करता मध घ्यावा, असा हा मार्ग होता. खेड्यातील लहान जीव पाळून घराला हातभार लावायचा, पण त्या जीवाचे भान सोडायचे नाही, हा विचार त्यामागे दिसतो. शेगावात माती-बांबूच्या कुटीत राहताना गांधीजींना हाच प्रश्न रोज ताटात भेटत होता. १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले, पण तो प्रश्न कायम राहिला.

ज्याच्या परसात शेळी आहे, त्याला हा प्रश्न नवा नाही. करडू ठाणावरून ओढून बाजूला बांधल्याविना घरात दूध येत नाही. किती दूध घ्यावे आणि किती करडासाठी राखावे, हे पाळणाऱ्याच्या मनावर असते. बोकडाचे पुढे काय होते, हेही त्याला माहीत असते. बहुतेक घरे या व्यवहाराला सरावतात. गांधीजी एकोणतीस वर्षे ते दूध घेत राहिले, परंतु त्याला सरावले नाहीत. त्यांनी दुधाला हक्क मानले नाही आणि आपल्या गरजेला धर्माचे नावही दिले नाही.

२२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्यातील आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात कस्तुरबांचे निधन झाले. त्यांनी दाखविलेली वाट गांधीजींनी अखेरपर्यंत सोडली नाही. ३० जानेवारी १९४८ च्या सायंकाळी दिल्लीत, प्रार्थनेला निघण्यापूर्वी त्यांनी जे शेवटचे अन्न घेतले, त्यातही शेळीचे दूध होते.