स्टारचा गुडघा गेला तरच भाव मिळायचा, त्या बॅकअप रनिंग बॅकची गोष्ट : ब्रायन पिकोलो

ड्रीम इलेव्हनवर टीम लावणाऱ्या प्रत्येकाला एक गणित पाठ असतं. जो गडी आज मैदानात उतरणार नाही, त्याला घ्यायचं नाही. बाहेर बसलेला खेळाडू म्हणजे शून्य गुण.

अमेरिकेतल्या फॅन्टसी फुटबॉलमध्ये मात्र लोक मुद्दाम बाहेर बसलेला खेळाडू उचलतात. तिथे एकदा निवडलेली टीम एका सामन्यापुरती नसते, ती जवळपास पूर्ण हंगाम सांभाळायची असते. त्यामुळे ज्याच्याकडे एखाद्या संघाचा स्टार रनिंग बॅक आहे, तो त्याच संघाचा बॅकअप रनिंग बॅकही आपल्याकडे ठेवून घेतो. याला तिकडे हँडकफ म्हणतात, म्हणजे बेडी. स्टारच्या हाताला अडकवलेला दुसरा हात. स्टार धडधाकट असेपर्यंत या बॅकअपची किंमत काहीच नसते. स्टारचा गुडघा फिरला की एका रात्रीत त्याचा भाव गगनाला भिडतो.

बाकीच्या जागा सोडून रनिंग बॅकचाच बॅकअप का, तर त्याचं कामच तसं असतं. चेंडू काखेत धरायचा आणि समोरून येणाऱ्या शंभर-सव्वाशे किलोच्या गड्यांमध्ये घुसायचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे गेलात तर चेंडू तुमच्याकडे राहतो, शेवटच्या पट्ट्यात पोहोचलात तर टचडाऊन, सहा गुण. प्रत्येक वेळी कुणीतरी तुम्हाला जमिनीवर आपटतोच. त्यामुळे या जागेवरचे खेळाडू वारंवार जखमी होतात आणि दुसऱ्या नंबरवर बसलेल्याची पाळी येते.

आता अशा माणसाच्या मनाचा विचार करा, ज्याची पाळी त्याच्याच जिवलग मित्राचा गुडघा गेल्यावर आली.

ब्रायन पिकोलोचा जन्म ३१ ऑक्टोबर १९४३ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफिल्ड गावचा. तीन भावांत हा धाकटा. तो तीन वर्षांचा असताना घर फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलला हलवलं. तिथल्या कॅथलिक शाळेत फुटबॉल आणि बेसबॉल खेळत तो मोठा झाला आणि पुढे नॉर्थ कॅरोलिनातल्या वेक फॉरेस्ट कॉलेजात गेला. वेक फॉरेस्ट काही फुटबॉलसाठी दबदबा असलेलं कॉलेज नव्हतं. पण १९६४ च्या हंगामात या पठ्ठ्याने १०४४ यार्ड पळून काढले आणि १११ गुण मिळवले. धावण्यात आणि गुणांत, दोन्हीत त्या वर्षी तो सगळ्या देशातल्या कॉलेज खेळाडूंत पहिला होता.

कॉलेजातली एक गोष्ट अशी आहे, जी कोणत्याही आकडेवारीत सापडत नाही. १९६३ साली मेरीलँड विद्यापीठाचा संघ वेक फॉरेस्टशी खेळायला आला. त्या संघात डॅरिल हिल होता. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या दक्षिणेकडच्या कॉलेजांच्या गटात फुटबॉल खेळणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. प्रेक्षकांनी त्याच्यावर शिव्यांचा भडिमार सुरू केला. पिकोलो समोरच्या संघातला. तो हिलकडे चालत गेला, त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि ओरडणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दिशेने त्याला घेऊन गेला. गलका थांबला. पुढे कित्येक वर्षांनी डॅरिल हिल स्वतः हा प्रसंग सांगत असे.

एवढा नंबर एकचा खेळाडू म्हटल्यावर मोठ्या लीगमध्ये त्याच्यावर उड्या पडायला हव्या होत्या. झालं उलटंच.

नोव्हेंबर १९६४ च्या शेवटी एनएफएलचा ड्राफ्ट झाला. वीस फेऱ्या, २८० खेळाडू निवडले गेले. त्यात पिकोलोचं नाव नव्हतं. तेव्हा एएफएल नावाची दुसरी प्रतिस्पर्धी लीग होती, तिनेही त्याला घेतलं नाही. निवड करणाऱ्यांच्या लेखी तो अंगाने लहान होता आणि पायाने मंद. त्याच ड्राफ्टमध्ये शिकागो बेअर्सने तिसरा खेळाडू म्हणून डिक बटकस आणि चौथा म्हणून गेल सेयर्स उचलला. सेयर्स रनिंग बॅक होता, म्हणजे पिकोलोच्याच जागेचा. एक देशात चौथा आणि दुसरा २८० मध्येही नाही. पुढे हे दोघे एकाच खोलीत राहणार होते.

ड्राफ्टमध्ये नाव न आलेला खेळाडू संघांचे दरवाजे स्वतः ठोठावू शकतो. बेअर्सने पिकोलोला करार दिला. डिसेंबर १९६४ मध्ये शाळेपासूनची मैत्रीण जॉय हिच्याशी लग्न करून तो शिकागोच्या वाटेला लागला. पण पहिलं वर्ष, म्हणजे १९६५, त्याने टॅक्सी स्क्वॉडमध्ये काढलं. हे नाव कुठून आलं तेही मजेशीर आहे. क्लीव्हलँडच्या संघाच्या मालकाचा टॅक्सीचा धंदा होता. जास्तीचे खेळाडू हाताशी राहावेत म्हणून तो त्यांना आपल्या टॅक्सी कंपनीत पगारावर ठेवायचा, अशी गोष्ट सांगतात. टॅक्सी स्क्वॉडचा खेळाडू सराव करतो, सामना मात्र खेळत नाही.

त्याच वर्षी तिकडे सेयर्स काय करत होता? पहिल्याच हंगामात त्याने २२ टचडाऊन केले. त्यातले सहा एकाच सामन्यात. चिखलाने भरलेल्या मैदानावर, सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध. असा माणूस तुमच्या जागेवर उभा असेल तर तुम्हाला संधी कधी मिळणार?

१९६६ मध्ये पिकोलो मुख्य संघात आला, पण चेंडू क्वचितच त्याच्या हातात पडायचा. १९६७ मध्ये थोडं जास्त खेळायला मिळालं, ८७ वेळा चेंडू घेऊन ३१७ यार्ड. त्याच वर्षी बेअर्सने पिकोलो आणि सेयर्सला दौऱ्यावर एका खोलीत ठेवायला सुरुवात केली. एक गोरा आणि एक काळा खेळाडू एका खोलीत, हे बेअर्सच्या इतिहासात पहिल्यांदाच घडत होतं. काळ कोणता होता ते लक्षात घ्या. आदल्याच वर्षी मार्टिन ल्यूथर किंग शिकागोत आले होते, कृष्णवर्णीयांना हव्या त्या वस्तीत घर घेता यावं म्हणून मोर्चे काढत होते आणि त्या मोर्चांवर दगड पडत होते. त्याच शहराच्या संघात या दोघांची खोली एक झाली.

सेयर्स अबोल, लाजरा. पिकोलोचं तोंड एक मिनिट बंद राहायचं नाही. दोघे एकमेकांच्या रंगावरून इतक्या उघडपणे चेष्टा करायचे, की बाहेरचा माणूस गोंधळून जाई. पण जागा एकच होती आणि ती सेयर्सची होती. हे दोघांनाही माहीत होतं.

१० नोव्हेंबर १९६८. पुन्हा सॅन फ्रान्सिस्कोविरुद्धचाच सामना. हंगामातले नऊ सामने होत आले होते आणि सेयर्स ८५६ यार्डांवर पोहोचला होता. एका टॅकलमध्ये त्याच्या उजव्या गुडघ्यातले लिगामेंट फाटले. हंगाम संपला. त्या काळी गुडघ्याची अशी दुखापत म्हणजे अनेकदा कारकिर्दीचाच शेवट असे.

फॅन्टसीच्या भाषेत सांगायचं तर पिकोलोचा भाव त्या दिवशी वाढला. तो सुरुवातीच्या अकरात आला. त्या हंगामाअखेर त्याच्या नावावर १२३ वेळा चेंडू घेऊन ४५० यार्ड होते, शिवाय २८ झेल घेऊन २९१ यार्ड आणि दोन टचडाऊन. आजच्या नेहमीच्या नियमाने, म्हणजे दहा यार्डांना एक गुण आणि टचडाऊनला सहा, हिशेब केला तर होतात ८६ गुण. त्याच्या आयुष्यातला हा सगळ्यात चांगला हंगाम. वाईट नाही, पण फॅन्टसीवाला त्यावर खूश होणार नाही. सेयर्सने फक्त पहिल्या वर्षात याच हिशेबाने अडीचशेच्या वर गुण केले असते. पिकोलोच्या चारही हंगामांची बेरीज १७६ भरते.

(फॅन्टसी फुटबॉल तेव्हा होतं का? होतं. बिल विंकेनबाख नावाच्या ओकलंडमधल्या व्यावसायिकाने १९६२ मध्ये हा खेळ काढला आणि पुढच्या वर्षी आठ टीमची पहिली लीग सुरू केली. पण तो ओळखीपाळखीच्या मंडळींचा डाव होता, पिकोलोला त्याचा पत्ता असण्याचं काही कारण नव्हतं.)

खरी गोष्ट १९६८ चा हंगाम संपल्यावर सुरू होते. पिकोलोला आता जागा मिळाली होती. ती टिकवायची तर सेयर्स परत न येणंच त्याच्या फायद्याचं होतं. निदान सावकाश येणं तरी. पण हाच माणूस सेयर्सच्या मागे लागला. व्यायाम कर, पाय उचल, कंटाळा करू नकोस, अशी त्याची टकळी चालू असायची. गुडघा बरा होताना खेळाडू ज्या निराशेत जातो तिथून सेयर्सला बाहेर काढण्यात पिकोलोचा मोठा वाटा होता, हे सेयर्सने नंतर वारंवार मान्य केलं. थोडक्यात, पिकोलो स्वतःला पुन्हा बेंचवर बसवण्यासाठी मेहनत घेत होता.

आणि बसलाही. १९६९ मध्ये सेयर्स परतला आणि १०३२ यार्ड पळून लीगमध्ये पहिला आला. बेअर्स मात्र चौदापैकी फक्त एक सामना जिंकले. पिकोलो पुन्हा दुसऱ्या नंबरवर. मग हंगामाच्या मध्यात फुलबॅक रॉनी बुल जखमी झाला. फुलबॅक म्हणजे रनिंग बॅकच्या जोडीने उभा राहणारा दुसरा गडी. ती जागा पिकोलोला मिळाली. आता पहिल्यांदाच तो सेयर्सच्या मागे नव्हता, शेजारी होता.

हे सुख जेमतेम टिकलं. १६ नोव्हेंबर १९६९ रोजी अटलांटात सामना होता. चौथ्या सत्रात पिकोलोने टचडाऊन केला आणि थोड्याच वेळात स्वतःहून मैदानाबाहेर आला. त्याला श्वास घेता येत नव्हता. पाच वर्षं ज्या जागेची वाट पाहिली ती सोडून खेळाडू आपणहून बाहेर येतो, तेव्हा काहीतरी बिनसलेलं असतं.

शिकागोत परतल्यावर छातीचा एक्स-रे काढला. आत मोठी गाठ होती. निदान झालं एम्ब्रायोनल सेल कार्सिनोमा, जननपेशींपासून होणारा कॅन्सर. वय २६. घरी जॉय आणि तीन लहान मुली.

न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयात त्याच महिन्यात छाती उघडून गाठ काढली. काही आठवडे वाटलं, सुटलो. मग आजार परतला. १९७० च्या वसंतात पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा उपचार. कॅन्सर पसरत गेला.

त्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये एक समारंभ झाला. फुटबॉल लेखकांच्या संघटनेने सर्वांत धैर्यवान खेळाडूचा जॉर्ज हॅलस पुरस्कार सेयर्सला दिला, गुडघ्यावर मात करून परतल्याबद्दल. अबोल सेयर्स उभा राहिला आणि त्याने भरल्या सभेत सांगून टाकलं, की चुकीच्या माणसाला पुरस्कार दिलाय, खरा मानकरी ब्रायन पिकोलो आहे आणि ही ट्रॉफी त्याला देणार आहे.

१६ जून १९७० रोजी ब्रायन पिकोलो गेला. अंत्ययात्रेत खांदा देणाऱ्यांमध्ये सेयर्स होता.

सेयर्सच्या आत्मचरित्रातल्या या मैत्रीवर एबीसी वाहिनीने ब्रायन्स साँग हा चित्रपट केला. तो ३० नोव्हेंबर १९७१ रोजी टीव्हीवर दाखवला गेला. पिकोलोच्या भूमिकेत जेम्स कान, जो पुढच्याच वर्षी गॉडफादरमध्ये सनी झाला. सेयर्सच्या भूमिकेत बिली डी विल्यम्स. त्याच वर्षी इकडे राजेश खन्नाच्या आनंदने थिएटरं रडवली होती, तिकडे घराघरात बापेमाणसं डोळे पुसत बसली. सेयर्सचा खेळ न पाहिलेल्या लोकांनाही आज पिकोलो माहीत आहे तो या चित्रपटामुळे.

उपचारांचं म्हणाल, तर पिकोलो थोडक्यात चुकला. त्याच्यानंतर चारच वर्षांनी, १९७४ मध्ये, इंडियाना विद्यापीठातले डॉक्टर लॉरेन्स आइनहॉर्न यांनी वृषणाच्या पसरलेल्या कॅन्सरवर सिसप्लॅटिन हे औषध इतर औषधांसोबत वापरायला सुरुवात केली. ज्या आजारात बहुतेक जण दगावत, त्यात आज बहुतेक रुग्ण बरे होतात. पिकोलोच्या नावाने उभ्या राहिलेल्या निधीतून आधी त्याच्याच प्रकारच्या कॅन्सरवरच्या संशोधनाला पैसा दिला गेला. पुढे तो निधी स्तनांच्या कॅन्सरच्या संशोधनाकडे वळला.

सेयर्सचा दुसरा गुडघा १९७० मध्ये गेला. या वेळी टकळी लावणारा माणूस नव्हता. १९७१ नंतर तो पुन्हा मोठ्या सामन्यात खेळला नाही.

बेअर्स आजही दरवर्षी आपल्या एका नव्या खेळाडूला ब्रायन पिकोलो पुरस्कार देतात. पिकोलोची जर्सी ४१ नंबरची होती आणि सेयर्सची ४०. संघाने दोन्ही नंबर कायमचे बाजूला काढून ठेवलेत, आता ते कुणालाच मिळत नाहीत.